बाळंतपणानंतरचे नैराश्य टाळण्यासाठी माइंडफुलनेसचा कितपत उपयोग होतो?

प्रश्न : पारिजात, घणसोली

नमस्कार. माझ्या गरोदरपणाचा २८ वा आठवडा सुरू आहे आणि हे माझे पहिलेच बाळंतपण आहे. तब्येत चांगली आहे, सोनोग्राफीचे अहवाल व्यवस्थित आहेत, सासूबाई घोडबंदर रोडला म्हणजे तासाभराच्या अंतरावर राहतात आणि नववा महिना लागला की आई चिपळूणहून राहायला येणार आहे. तरीही गेले काही आठवडे एक काळजी मनातून जात नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

२०२० साली माझे वडील गेले आणि त्यानंतर मला नैराश्य आले. दहा महिने औषधे चालू होती, जोडीला समुपदेशन झाले, आणि मानसोपचारतज्ज्ञांनीच हळूहळू मात्रा कमी करत औषधे बंद केली. त्यानंतर पुन्हा तसे काही झाले नाही, पण ते दिवस मी विसरलेले नाही. सकाळी जाग आली की छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटायचे, आणि ओट्यावरचा चहाचा कप उचलून टेबलापर्यंत नेण्यासाठीसुद्धा मनाशी ठरवावे लागायचे. आधी नैराश्य येऊन गेलेल्या स्त्रीला बाळंतपणानंतर ते पुन्हा येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, असे वाचल्यापासून मी त्या सकाळींची आणि तान्ह्या बाळाची एकत्र कल्पना करते आणि घाबरते. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना मी हे सांगितले. त्यांनी ते फाइलवर लिहून घेतले आणि ‘आता आनंदात राहायचे, जास्त विचार करायचा नाही’ असा सल्ला दिला. त्यांनी तो मायेनेच दिला, पण विचार थांबवायचे कसे, हाच तर माझा प्रश्न आहे.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याच्या सरावाचा, आठ आठवड्यांचा वर्ग सुचवला आहे. त्याआधी ओळख व्हावी म्हणून मी तीन आठवडे रोज संध्याकाळी मोबाईलवर ध्वनिफीत लावून पंधरा मिनिटे श्वासाकडे लक्ष देत बसते. काही दिवस खरोखर बरे वाटते. काही दिवस मात्र डोळे मिटले की वडिलांच्या शेवटच्या आठवड्यातला रुग्णालयाचा तो लांब पॅसेजच समोर येतो आणि मी उठून जाते. हा सराव नैराश्यापासून खरोखर वाचवतो का, की तो तेवढ्यापुरता विसावा आहे? वर्ग आता लावला तर ३६ व्या आठवड्यापर्यंत संपेल. पण बाळ झाल्यावर, रात्ररात्र झोप नसताना, त्यातले काही हाताशी राहते का? आणि आई म्हणते, ‘नामस्मरण कर, ते हेच आहे’. तिचे म्हणणे बरोबर आहे का? ज्यांनी स्वतः अनुभव घेतला आहे किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : दोघांची आई, बाळकुम

पारिजात, माझी दोन्ही बाळंतपणे ठाण्यातच झाली, पहिले २०१६ साली आणि दुसरे २०२१ साली. पहिल्या वेळी मला माइंडफुलनेस हा शब्दही ठाऊक नव्हता. दुसऱ्या वेळी मी सातव्या महिन्यापासून तो सराव शिकले होते. नैराश्य मला दोन्ही वेळा आले. हे वाचून धीर सोडू नका, कारण दोन्ही वेळांत फार मोठा फरक होता आणि तो तुम्हाला सांगावा म्हणूनच लिहिते आहे.

२०१६ मध्ये सिझेरियन झाले आणि सव्वा महिना मी माहेरी होते. शेकशेगडी, मालिश, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कशातही उणे नव्हते. बारशाच्या फोटोंत मी हसते आहे. पण बाळ झोपले तरी मला झोप लागत नसे. पाळण्याच्या दोरीला हात लावून मी छताकडे पाहत पडून राही. डोळ्यांत पाणी आले की भेटायला आलेली प्रत्येक बाई सांगे, ‘रडू नकोस गं, दूध आटेल’, म्हणून मी न्हाणीघरात जाऊन, बादलीत नळ सोडून रडत असे. तपासणीला गेले तेव्हा टाके पाहिले, बाळाचे वजन पाहिले, आणि मी झोपेचा विषय काढला तेव्हा ‘सगळ्याच आयांना होते’ असे उत्तर मिळाले. निदान व्हायला पाचवा महिना उजाडला. त्या पाच महिन्यांत एकच वाक्य माझ्या डोक्यात ठाण मांडून होते: या बाळाला दुसरी आई मिळाली असती तर बरे झाले असते. तो एक विचार आहे, असे मला कधी वाटलेच नाही. आपल्या घराचा पत्ता आपल्याला जसा ठाऊक असतो, तसे ते मला ठाऊक होते.

दुसऱ्या वेळी माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी गरोदरपणातच एका प्रशिक्षित समुपदेशक ताईंकडे पाठवले. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, करोनामुळे व्हिडिओवरच. बाळ झाल्यावर डोळे मिटून बसण्याचा सराव जवळजवळ संपला, हे प्रामाणिकपणे सांगते; पंधरा मिनिटे सलग मिळतच नाहीत. उरला तो बाळाला पाजताना केलेला सराव. पहाटे तीन वाजता तिला पाजायला घेतले की मी तिची टाच तळहातात धरायची. सुरकुतलेली, कोमट, बोराएवढी टाच. ती घोट घेई तेव्हा टाच किंचित ताणली जाई आणि पुन्हा सैल पडे. ‘आता ही चारला परत उठणार’ इकडे मन धावले की त्याला पुन्हा टाचेकडे आणायचे, एवढेच. त्याने झोप भरून निघत नाही, पण रात्र पडायला लागली की पोटात जो गोळा उठायचा, तो उठेनासा झाला.

आणि सातव्या आठवड्यात, एका दुपारी गॅलरीत झबली वाळत घालताना, तेच वाक्य पुन्हा आले. या वेळी मात्र कोणी दारात उभे राहून बोलावे तसे ते मला ऐकू आले, आणि पाठोपाठ लक्षात आले की हे २०१६ चेच वाक्य आहे, शब्दही तेच आहेत. मी चिमट्यांची टोपली तिथेच ठेवली, नवऱ्याला फोन लावला आणि ते वाक्य त्याला जसेच्या तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ मिळाली, उपचार सुरू झाले आणि तिसरा महिना संपेपर्यंत मी सावरले होते. पहिल्या वेळी पाचवा महिना, दुसऱ्या वेळी सातवा आठवडा. सजगतेने माझे नैराश्य अडवले असे मी म्हणणार नाही. तिच्यामुळे मला त्याची चाहूल लागली.

एक काळजी मात्र घ्या. हा सराव गृहपाठ होऊ देऊ नका. चौथ्या आठवड्यात ‘आज ध्यान झाले नाही’ म्हणून मी स्वतःला बोल लावू लागले होते, आणि आधीच कमी पडत असल्याची भावना असलेल्या बाईला आणखी एक कमी सापडली होती. समुपदेशक ताईंनी तेव्हा दोन आठवडे सगळे बंद करायला सांगितले. शिवाय रात्री दहा ते दोन बाळ नवऱ्याकडे राहील, काढून ठेवलेले दूध तो पाजेल आणि मी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपेन, हे आम्ही आठव्या महिन्यातच ठरवून टाकले होते. त्या चार तासांचे मोल मी ध्यानापेक्षा जास्त मानते.

उत्तर : नेरूळकर

माइंडफुलनेस हा शब्द इंग्रजी असला तरी वस्तू आपलीच आहे. पालीत तिला ‘सती’ म्हणतात आणि श्वासाकडे पाहण्याच्या सरावाला ‘आनापान’. मी २०१२ साली इगतपुरीला दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले आणि माझा जुना संताप त्यानंतर खरोखर ओसरला. तुम्ही घणसोलीला आहात. सीबीडी बेलापूरला पारसिक टेकडीवर विपश्यनेचे केंद्र आहे. मोबाईलवरील पंधरा मिनिटांपेक्षा बाळंतपणाआधी एकदा दहा दिवस पूर्ण द्यावेत, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते.

उत्तर : चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, वाशी

पारिजात, तुमच्यासारख्या अनेक जणी माझ्याकडे येतात, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

प्रथम नेरूळकर यांच्या सूचनेविषयी. शब्दाच्या मुळाबद्दल ते म्हणतात ते बरोबर आहे आणि त्यांना आलेल्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. परंतु दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला उठून दिवसाला सुमारे दहा तास बसायचे असते आणि मौन पाळायचे असते. ज्यांना नैराश्य येऊन गेले आहे आणि ज्या सातव्या-आठव्या महिन्यात आहेत, त्यांनी स्वतःच्या मानसोपचारतज्ज्ञांशी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय असे शिबिर करू नये. दीर्घ मौनात काही जणांच्या जुन्या वेदना एकदम वर येतात आणि त्या वेळी शेजारी ओळखीचे माणूस नसते. तुमच्या बाबतीत पंधरा मिनिटांतच रुग्णालयातला पॅसेज समोर येतो आहे, हे मी फार महत्त्वाचे मानते. त्याकडे खाली पुन्हा येते.

आता मुख्य प्रश्न. नैराश्य येऊन गेलेल्या मनात एक पायवाट पडलेली असते. थकवा आला, बाळ अर्धा तास रडले, दूध नीट येईना, की मन त्या वाटेने उतरू लागते: मला जमत नाही, मी आई म्हणून कमी पडते, मागच्यासारखेच होणार. गाय जशी तोच चारा पुन्हा पुन्हा वर आणून चघळते तसे मन तेच विचार चघळत राहते. मराठीत याला ‘रवंथ’ हा नेमका शब्द आहे आणि नैराश्य खोल जाण्यामागे या रवंथाचा मोठा वाटा असतो. माइंडफुलनेसच्या सरावात विचार थांबवायचा नसतो. तुमच्या डॉक्टरांनी ‘विचार करायचा नाही’ म्हटले आणि तुम्हाला ते जमेना, यात तुमची काही चूक नाही, कारण ते कोणालाच जमत नाही. येथे शिकायचे असते ते इतकेच की ‘मी वाईट आई आहे’ या वाक्याच्या जागी ‘मी वाईट आई आहे, असा विचार आत्ता आला आहे’ हे दिसावे. बाळकुमच्या ताईंना झबली वाळत घालताना जे झाले ते हेच. माझ्या विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडणार नाही.

अभ्यास काय सांगतात? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली ताण कमी करण्यासाठी आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. त्याच्या पायावर सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघा मानसशास्त्रज्ञांनी, नैराश्यातून बरे झालेल्यांना ते पुन्हा येऊ नये म्हणून, एमबीसीटी, म्हणजे माइंडफुलनेसवर आधारित मानसोपचाराची पद्धत, उभी केली. २००० साली तिची पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. नैराश्य तीन किंवा अधिक वेळा येऊन गेलेल्यांमध्ये ते परतण्याचे प्रमाण तिच्यामुळे बरेच कमी झाले. दोनच वेळा येऊन गेलेल्यांना मात्र तसा फायदा दिसला नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ सोना डिमिजियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत गरोदर स्त्रियांसाठी बदलून घेतली, म्हणजे बसण्याचा वेळ कमी केला, सौम्य योगासने घातली आणि बाळासोबत असताना करायचा सराव जोडला. २०१६ साली त्यांनी आधी नैराश्य येऊन गेलेल्या ८६ गरोदर स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध केली. प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत पाहिले असता नेहमीची देखभाल मिळालेल्यांपैकी ५०.२ टक्के स्त्रियांना नैराश्य पुन्हा आले, तर वर्ग केलेल्यांमध्ये हे प्रमाण १८.४ टक्के होते.

हा आकडा आशादायक आहे आणि तुमची परिस्थिती या स्त्रियांच्या जवळची आहे, म्हणून वर्ग लावण्याचा सल्ला मी नक्की देईन. पण त्यावर जास्त भार टाकणार नाही. ८६ ही संख्या लहान आहे, आणि तुलना दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमाशी नसून नेहमीच्या देखभालीशी होती. त्यामुळे आठ आठवडे एक शिक्षक आणि आपल्यासारख्याच इतर जणी भेटत राहण्याचा वाटा किती आणि श्वासाकडे पाहण्याचा किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. सोबतीचा वाटा मोठा असावा असे माझे मत आहे. २०१३ साली वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने प्रतिबंधक मानसिक व सामाजिक मदतीच्या २८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात सुमारे १७,००० स्त्रिया होत्या. घरी येऊन भेटणाऱ्या परिचारिका, अनुभवी आईने नियमित केलेले फोन आणि नातेसंबंधांवर काम करणारे समुपदेशन यांचा उपयोग त्यात दिसून आला. भारतात हा प्रश्न दुर्मीळ नाही. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात भारतीय अभ्यास एकत्र करून हे प्रमाण २२ टक्के, म्हणजे पाचांत एकीपेक्षा जास्त, असे काढले आहे.

आता त्या पॅसेजविषयी. श्वास हा सगळ्यांसाठी सुरक्षित आधार नसतो. ज्यांनी जवळच्या माणसाचा श्वास अडकताना पाहिला आहे त्यांना श्वासाकडे लक्ष देणे जड जाते. तुम्ही डोळे उघडे ठेवा, पावले जमिनीला टेकवा आणि तळव्यांना लागणारा फरशीचा गारवा किंवा बाहेरचे आवाज यांच्यावर लक्ष ठेवा. घणसोलीला तुम्हाला ट्रान्स-हार्बरच्या लोकलचा आवाज येत असेल, तर तो येताना, जवळून जाताना आणि विरताना ऐका. पाच मिनिटे पुरे. पॅसेज समोर आला तर सराव सोडून उठणे योग्यच आहे, त्यात अपयश नाही. आणि वर्गाच्या जोडीला वडिलांच्या दुःखाविषयी चार-सहा भेटी समुपदेशकाकडे घ्या, तेही बाळंतपणाआधी. बाळंतपणानंतरचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नैराश्यापैकी जवळपास निम्म्याची सुरुवात प्रत्यक्षात प्रसूतीपूर्वीच झालेली असते, म्हणून ‘आधी बाळ होऊ दे, मग पाहू’ असे करू नका.

आईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. नामस्मरणातही मनाला एक खुंटी मिळते, आणि ज्यांना त्याची लहानपणापासून सवय आहे त्यांनी ते जरूर करावे. फरक असा की नामात मन नामाला बांधायचे असते, तर या सरावात मन जेथे भरकटले ती जागाही ओळखायची असते, आणि अभ्यास झाले आहेत ते या दुसऱ्या प्रकारावर. दोन्ही एकत्र करायला काहीच हरकत नाही.

लक्षणांबद्दल थोडक्यात. प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास रडू येणे, चिडचिड होणे हे बहुसंख्य स्त्रियांना होते आणि दोन आठवड्यांत आपोआप निवळते. दोन आठवड्यांनंतरही टिकले किंवा वाढत गेले, तर तपासून घ्यावे. १९८७ साली तयार झालेली एडिनबरो प्रश्नावली यासाठी जगभर वापरतात. तीत गेल्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न असतात. ती निदान करत नाही, तपासणीची गरज आहे का एवढे दाखवते. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही असेल तर एकूण गुण न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. बाळाच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतातच. त्याच दिवशी प्रश्नावली भरायची, अशी सवय मी माझ्याकडे येणाऱ्या मुलींना लावते. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या, कारण त्यांच्या बिघाडानेही असाच थकवा आणि उदासी येते. आणि कोणी बाळंतीण दोन-तीन रात्री अजिबात न झोपता असंबद्ध बोलू लागली, भलत्याच शंका घेऊ लागली, तर हजारात एक-दोघींना होणारा तो गंभीर आजार असू शकतो. तेथे ध्यान, समुपदेशन यांची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी चोवीस तास विनामूल्य आहे. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि आयपीएच संस्थाही तेथे अनेक वर्षे मानसिक आरोग्याचे काम करते आहे.

उत्तर : आशाताई, कळवा

मी आशा स्वयंसेविका आहे. वरच्या मॅडमसारखा माझा अभ्यास नाही, पण रुग्णालयात बाळंतपण झालेल्या प्रत्येक घरी मी सहा वेळा जाते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचे वजन करते, ताप पाहते, नाळ पाहते. घरातली सगळी माणसे काट्याभोवती उभी असतात आणि आई भिंतीला टेकून बसलेली असते. मी जायच्या आधी तिच्या शेजारी बसून एकच प्रश्न विचारते: काल बाळ झोपले होते तेव्हा तुला झोप लागली का?

गेल्या पावसाळ्यात एका मुलीने एकविसाव्या दिवशी उत्तर दिले, ‘डोळे मिटतात, पण मी झोपले तर याचा श्वास थांबेल असे वाटते, म्हणून मी याच्या नाकाशी बोट धरून बसते.’ तिचे ते बोट मी पाहिले. रात्रभर तसे धरून मनगट सुजले होते. सासूला वाटत होते की सून फार मायाळू आहे. मी सासूबाईंना बाहेर नेऊन समजावले, दुसऱ्या दिवशी तिघींनी मिळून दवाखाना गाठला, रक्तही फार कमी निघाले. आता बाळ रांगते आहे आणि ती बरी आहे.

पारिजात ताई, तुमचे ध्यान तुम्ही कराच. पण ज्या मुलीला आपले काही बिनसले आहे हेच कळत नाही, तिच्यासाठी घरात दुसरे कोणी तरी सजग असावे लागते. तुमच्या आईला आणि यजमानांना हा झोपेचा प्रश्न आताच शिकवून ठेवा आणि आठवड्यातून दोनदा तुम्हाला विचारायला सांगा. आणि सव्वा महिना होईपर्यंत बघायला येणाऱ्यांच्या वेळा ठरवून द्या. दुपारी दोन ते पाच दार उघडायचे नाही, असे मी प्रत्येक घरात सांगते. कोणाला राग आला तर माझे नाव सांगायला सांगते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : पारिजात, घणसोली

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळे मी नवऱ्याला वाचून दाखवले. आशाताईंचा प्रश्न त्याने फ्रिजवर कागद लावून लिहून ठेवला आहे, आणि दहा ते दोनची पाळी त्याने स्वतःहून मागून घेतली. ऐरोलीतला वर्ग मी येत्या शनिवारपासून लावते आहे. शिकवणाऱ्या ताईंना मी फोनवर वडिलांविषयी आधीच सांगितले, तेव्हा त्यांनीही डोळे उघडे ठेवूनच सुरुवात करू असे सांगितले. आज लोकलचा आवाज ऐकत पाच मिनिटे बसले. रबाळ्याकडून येणारी गाडी आधी खिडकीच्या काचेत जाणवते आणि मग कानाला ऐकू येते, हे येथे चार वर्षे राहून माझ्या लक्षात आले नव्हते. पॅसेज आज आला नाही.

वाशीच्या मॅडमना आणखी एक विचारायचे आहे. सगळे करूनही नैराश्य आलेच आणि औषधे घ्यावी लागली, तर बाळाला अंगावर पाजणे बंद करावे लागेल का? आईला याचीच सर्वांत जास्त भीती वाटते आणि खरे सांगायचे तर मलाही.

उत्तर : चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, वाशी

बहुतेक वेळा बंद करावे लागत नाही. नैराश्यावरील काही औषधे आईच्या दुधात फारच अल्प प्रमाणात उतरतात. सर्ट्रालिन हे त्यांतले एक असून पाजणाऱ्या मातांना ते बऱ्याचदा दिले जाते. मात्र कोणते औषध आणि किती मात्रेत द्यायचे हे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील, मी औषधे लिहून देत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी असेल तर बालरोगतज्ज्ञांनाही विचारावे लागते. दुधाच्या भीतीने सुरू झालेले औषध स्वतःहून अर्ध्यात थांबवणे हे मात्र सर्वांत वाईट. २०२० साली तुम्हाला कोणते औषध मानवले होते, ही माहिती त्या वेळी फार उपयोगी पडते, कारण पूर्वी ज्याने गुण आला त्याचाच विचार सहसा आधी होतो. म्हणून ती जुनी चिठ्ठी शोधून ठेवा, ३४ व्या आठवड्याच्या सुमारास तुमच्या त्याच मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटून या, आणि त्या भेटीला आईंनाही बरोबर घेऊन जा, म्हणजे दुधाविषयीचे उत्तर त्यांना थेट डॉक्टरांकडून ऐकता येईल.